दुसरी वाट

महाराष्ट्रातून सैन्यात जवान भरपूर जातात, अधिकारी मात्र कमी, ही तक्रार जुनी आहे. तिच्यावरचा ठरलेला उपायही जुनाच आहे. मुलांत शिस्त उरली नाही, आईबापांना पोरगा इंजिनीअर हवा असतो पण छावणीत नको असतो, छत्रपतींचा वारसा आपण मिरवणुकीपुरता ठेवला. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिकी शाळा काढा, पाचवी-सहावीतच अंगावर गणवेश चढवा, पहाटे कवायतीला उभे करा, की अधिकारी आपोआप निघतील. व्यासपीठावरून हे बोलले की टाळ्या पडतात. संस्थाचालकांना ते सोयीचे असते आणि सरकारला स्वस्त पडते. विचार म्हणून मात्र ते उथळ आहे.

माझे म्हणणे असे. अधिकारी तयार करणारी शाळा ही जगात कुठेही आधी निवड करणारी संस्था असते, शिकवणे त्यानंतर येते. कोण आत येऊ शकतो हे ती ठरवते. आत आलेल्याला घडवणे त्यामानाने सोपे काम आहे. या निवडीच्या दोन वाटा असतात. एक घरातून, शाळेतून, कोवळ्या वयात थेट अधिकारीपदाकडे जाणारी. दुसरी शिपाईगिरीतून वर चढणारी. महाराष्ट्राने जवळजवळ शंभर वर्षे आपला अभिमान, देणग्या आणि भाषणे पहिल्या वाटेवर खर्च केली. ज्या घरांतून आपले जवान येतात त्यांच्यासाठी खुली असलेली दुसरी वाट आपल्या सार्वजनिक चर्चेत जवळजवळ नाहीच.

हे पटवण्यासाठी मी आधी रशियात जातो. हे वळण लांबचे वाटेल. पण जे इतर देशांनी झाकून केले ते झारच्या रशियाने कायद्यात उमरावांचे नाव घालून उघडपणे केले, त्यामुळे तिथे या संस्थेचा सांगाडा स्वच्छ दिसतो.

१. शिपाईगिरीतून सुटका

पहिल्या पीटरने उमरावांना एक गोष्ट बजावली होती: सैन्यात अधिकारी व्हायचे असेल तर आधी साधा शिपाई म्हणून बंदूक उचलायची. १७१४ च्या त्याच्या हुकमाने गार्ड पलटणीत शिपाई म्हणून न राबलेल्या उमरावपुत्रांना अधिकारीपद नाकारले. १७२२ मध्ये त्याने दर्जांचा तक्ता लागू केला. त्यात सैन्यातल्या सर्वांत खालच्या अधिकारीपदावर पोचलेला माणूस, मग तो कुणाच्याही पोटी जन्मलेला असो, वंशपरंपरागत उमराव ठरत असे. पीटर काही समतावादी नव्हता. त्याला स्वीडनशी लढायला कामाची माणसे हवी होती आणि कामाचा माणूस कुठल्या घरात सापडेल याचा नेम नसतो, एवढे त्याला कळत होते.

उमरावांना हे सलत राहिले. १७३० मध्ये गादीचा पेच पडला, ॲना सम्राज्ञी झाली आणि त्या गडबडीत उमरावांनी आपल्या मागण्या पुढे रेटल्या. त्यातली एक अशी, की आमच्या मुलांना शिपायांच्या रांगेत उभे करू नका. १७३१ मध्ये फील्डमार्शल म्यूनिखच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्गमध्ये उमरावपुत्रांसाठी कॅडेट कोअर स्थापन झाली आणि तिला मेन्शिकोव्हचा राजवाडा मिळाला. भूमिती, तटबंदी, तोफखाना यांच्या जोडीला फ्रेंच, घोडेस्वारी, तलवारबाजी आणि नृत्य शिकवले जाई. रशियन नाटकाच्या आरंभीचा मोठा लेखक सुमारोकोव्ह याच शाळेतून १७४० मध्ये बाहेर पडला. शाळा म्हणून ती चांगलीच होती, यात शंका नाही. पण तिथून निघणारा मुलगा शिपाई न होता अधिकारी होऊ लागला. रशियातील पहिली मोठी अधिकारी-शाळा निघाली ती अशी, शिपाईगिरी टाळण्याची सन्माननीय सोय म्हणून.

ज्यांना शाळेचाही कंटाळा होता त्यांनी आणखी सोपी युक्ती काढली. पाळण्यातल्या पोराचे नाव पलटणीच्या पटावर घालायचे. पोर घरी दूध पीत असताना पटावर त्याची नोकरी चालू. पुश्किनच्या ‘कॅप्टनची मुलगी’ या कादंबरीचा नायक तर जन्माआधीच सार्जंट झालेला आहे. उलट रशियाचा सर्वांत थोर सेनापती मानला जाणारा सुवोरोव्ह जन्माने उमराव असूनही वर्षानुवर्षे खालच्या दर्जावर राबला आणि १७५४ मध्ये अधिकारी झाला.

२. हरलेले सैन्य दार उघडते

क्रिमियाच्या युद्धात, १८५३ ते १८५६, रशिया हरला. १८६१ मध्ये भूदासप्रथा गेली आणि त्याच वर्षी द्मित्री मिल्यूतिन युद्धमंत्री झाला. लष्करी शिक्षणाच्या इतिहासात या माणसाइतका स्वच्छ विचार मला फारसा दिसत नाही. त्याने कॅडेट कोअर मोडून त्यांच्या जागी लष्करी माध्यमिक शाळा आणल्या. तिथे कवायत कमी आणि सर्वसाधारण शिक्षण जास्त. लहान मुलाला शिपायाचे सोंग देऊन काही साधत नाही, त्याला गणित आणि भाषा यायला हवी, असा त्यामागचा विश्वास होता. सैनिकी शिक्षण त्याने वरच्या वयातल्या वेगळ्या संस्थांकडे सोपवले.

त्याचा दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा. १८६४ पासून त्याने युंकर शाळा सुरू केल्या. पलटणीत दाखल झालेला, पण लष्करी माध्यमिक शाळेचे शिक्षण नशिबी नसलेला तरुण इथे दोन वर्षे शिकून अधिकारीपदाकडे जाऊ शकत असे. १८७४ मध्ये सक्तीची लष्करसेवा सर्व वर्गांना लागू झाली, तेव्हा शिक्षणानुसार मुदत कमी करण्यात आली. अशिक्षिताला सहा वर्षे, प्राथमिक शिक्षण झालेल्याला चार, विद्यापीठाच्या पदवीधराला सहा महिने. शाळेला एवढे मोल देणारा लष्करी कायदा त्या काळात दुर्मीळच.

युंकर शाळांना वरच्या वर्तुळात कुणी मान दिला नाही. तिथला पदवीधर लगेच अधिकारी होत नसे. पलटणीत जाऊन बढतीची वाट पाहत बसे, तर उच्च लष्करी शाळेतला थेट खांद्यावर पट्टी लावून येई. तिसऱ्या अलेक्झांडरने १८८२ मध्ये कॅडेट कोअर परत आणल्या आणि कवायतही परत आली. दोन प्रकारच्या शाळांमधला भेद कागदावरून पुसला जायला विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडले.

आणि तरी निकाल पाहा. पहिल्या महायुद्धात रशियन सेनेचा चीफ ऑफ स्टाफ मिखाईल अलेक्सेयेव्ह हा शिपायातून वर आलेल्या अधिकाऱ्याचा मुलगा आणि मॉस्कोच्या युंकर शाळेचा विद्यार्थी. अंतोन देनिकिन कीव्हच्या युंकर शाळेतला. त्याचे वडील भूदास म्हणून जन्मले, सक्तीने सैन्यात ओढले गेले आणि दोन दशकांहून अधिक शिपाईगिरीनंतर अधिकारी झाले. गार्ड पलटणींच्या दरबारी तोऱ्यातून एवढ्या कुवतीची माणसे किती निघाली हा प्रश्न रशियन इतिहासकारांनाही अडचणीचा वाटत असावा.

एक गोष्ट इथेच कबूल करायला हवी, नाहीतर युक्तिवाद फार गोड होईल. अलेक्सेयेव्ह आणि देनिकिन या दोघांनीही १९१७ नंतर क्रांतीविरुद्ध ‘पांढऱ्या’ सेनेचे नेतृत्व केले. खालून आलेला अधिकारी खालच्यांच्या बाजूने उभा राहतोच असे नाही. दुसरी वाट न्याय्य आहे आणि सैन्याच्या फायद्याची आहे. ती समाजक्रांती घडवते असा दावा मी करत नाही.

३. डेहराडूनचे चाळीस

आता आपल्याकडे. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणसाच्या चढणीचा शेवट सुभेदार-मेजरच्या पदावर होई. तीस वर्षे लढलेला सुभेदार काल आलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटला सलाम करी. १९१८ मध्ये इंग्लंडच्या सँडहर्स्टच्या अधिकारी-शाळेत हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. इंदूरच्या डॅली कॉलेजात एक तात्पुरती कॅडेट शाळा चालली, जिथून करिअप्पा बाहेर पडले. १९२२ मध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाचे रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज निघाले, इंग्रजी पब्लिक स्कूलच्या धर्तीवर. सरकारला तिथे कुणाची मुले हवी होती हे त्या धर्तीवरूनच कळते: संस्थानिक, जमीनदार, फार तर मोठ्या हुद्द्यावरचे सरकारी नोकर. पुढे लष्करप्रमुख झालेले गोपाळ गुरुनाथ बेवूर याच कॉलेजचे, वडील आयसीएस. त्यांच्या कर्तबगारीबद्दल वाद नाही. मुद्दा इतकाच, की आयसीएसच्या घराबाहेरच्या बेवूरला त्या फाटकापर्यंत पोचणे अवघड होते.

१९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते, माणेकशॉ त्यांत होते, हे आपण कौतुकाने सांगतो. ते चाळीस कसे निवडले ते सांगत नाही. पंधरा खुल्या स्पर्धेतून, दहा संस्थानी फौजांतून आणि पंधरा थेट सैन्यातल्या जवानांतून. म्हणजे दुसरी वाट पहिल्या दिवसापासून होती, आणि तिची पूर्वतयारी करून घेण्यासाठी बुंदेलखंडातल्या नौगाँग येथे १९२९ पासून किचनर कॉलेज होते.

इंग्रजांनी ही उदारता का दाखवली? शहरातल्या शिकलेल्या, सभांना जाणाऱ्या तरुणांपेक्षा पलटणीत पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने राबलेल्या घरांवर त्यांचा जास्त भरवसा होता. जवानांच्या जागा म्हणजे राजकारणावरचा उतारा होता. शिवाय ‘लढाऊ जमाती’ची चौकट त्या जागांनाही लागू होती. कोकणातल्या आणि देशावरच्या महारांची तर खालची रांगही १८९२ च्या सुमारास बंद केली गेली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक. पलटणीतल्या शाळेने त्यांच्या समाजातल्या घरांत अक्षर पोचवले, आणि नंतर सरकारने ती पलटणच त्यांना बंद केली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या समाजाची शिस्त १८९२ मध्ये संपून १९४१ मध्ये परत आली, असे कुणी म्हणेल काय? सरकारची गरज बदलली, म्हणून दार उघडले.

याचेच एक अलीकडचे उदाहरण बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या अंतरिम आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२२ मध्ये मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मुलींच्या अंगात शौर्य २०२१ मध्ये अचानक आले नव्हते.

४. महाराष्ट्र पहिल्या वाटेच्या अंगणात

महाराष्ट्राने या सगळ्यावर काय केले, तर शाळा काढल्या. पुण्यात १९३२ मध्ये श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल. नाशिकला १९३७ मध्ये डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचे भोसला मिलिटरी स्कूल. बेळगावला १९४५ मध्ये जवानांच्या मुलांसाठी स्थापन झालेली आणि आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल म्हणून ओळखली जाणारी शाळा. साताऱ्याला २३ जून १९६१ रोजी देशातली पहिली सैनिक स्कूल. नव्वदच्या दशकात जिल्हावार सैनिकी शाळांचे धोरण, आणि २०२१ पासून केंद्राची शंभर नव्या भागीदारी सैनिक शाळांची योजना.

यांत मुंजे वैचारिक दृष्ट्या सर्वांत रोचक. पहिल्या गोलमेज परिषदेच्या संरक्षण उपसमितीत ते होते आणि हिंदी सँडहर्स्टसाठी भांडले. तिथून परतताना मार्च १९३१ मध्ये ते इटलीत थांबले, मुसोलिनीला भेटले, बालिल्ला या फॅसिस्ट मुलांच्या संघटनेची केंद्रे पाहून प्रभावित झाले. त्यांची तळमळ खरी होती. स्वराज्य येणार असेल तर सैन्य चालवणारी माणसे कुठून आणणार, हा प्रश्न त्यांनी काँग्रेसच्या बहुतेक पुढाऱ्यांच्या आधी विचारला. उत्तर मात्र त्यांनी चुकीच्या देशातून आणले. बालिल्ला लहान मुलांना गणवेश, संचलन आणि नेत्याची भक्ती देत होती. अधिकारी देत नव्हती. त्या मुलांच्या पिढीने पुढच्या युद्धात इटलीचे काय केले हे सर्वांना ठाऊक आहे. मुंज्यांनी रोमऐवजी मिल्यूतिनचा कागद वाचला असता तर नाशिकची शाळा निराळी निघाली असती, असे मला राहून राहून वाटते.

सैनिक स्कूलची गोष्ट वेगळी आणि जास्त खेदाची. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या या योजनेचा जाहीर उद्देशच होता अधिकारीवर्गातला प्रादेशिक आणि वर्गीय असमतोल दूर करणे. उद्देशात हे लिहिणे हीच मोठी गोष्ट. आज या शाळांची वार्षिक फी लाखापुढे गेली आहे; शिष्यवृत्त्या आहेत, पण आधी फीचा आकडा बघून मागे फिरणारे घर शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत जात नाही. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत मराठी पर्याय आहे, नववीची परीक्षा इंग्रजीतच. दहा वर्षांच्या मुलाला त्या परीक्षेला बसवायचे तर घरात कुणाला तरी दोन वर्षे आधीपासून ते माहीत असावे लागते. असमतोल दूर करणारी शाळा ज्यांना आधीच सगळे माहीत असते त्यांना सोपी जाते.

राज्यातली एकच संस्था मला या इतिहासात नेमकी वाटते: औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. १९७७ मध्ये राज्य सरकारने ती काढली. तिने क्षात्रतेजाची भाषा केली नाही. दहावीनंतर मुले निवडायची, अकरावी-बारावी करवून घ्यायची आणि एनडीएच्या परीक्षेची व मुलाखतीची तयारी करायची, एवढेच. प्रवेशाचा दरवाजा म्हणजे एक विशिष्ट परीक्षा आहे, हे तिला समजले. मुलींसाठी तशी संस्था आता नाशिकलाही आहे. पण या दोन्ही मिळून दरवर्षी काही डझन मुले घेतात, आणि त्याही पहिल्याच वाटेच्या.

बाकी राहिली एनडीए. नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी खडकवासल्याला कोनशिला बसवली, जानेवारी १९५५ मध्ये उद्घाटन झाले. सात हजार एकरांहून अधिक जमीन मुंबई राज्याने दिली, आणि दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढलेल्या हिंदी सैनिकांची आठवण म्हणून सुदान सरकारने दिलेल्या पैशातून मुख्य इमारत उभी राहिली, म्हणून ती सुदान ब्लॉक. सिंहगडाच्या पायथ्याशी संस्था असल्याचा आपल्याला कोण अभिमान! पण जमीन आपली म्हणून जागा आपल्या होत नाहीत.

५. दुसरी वाट चालते याचा पुरावा

कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले. बर्मेत लढले, बढत्या मिळवत गेले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चार महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी अवस्थेत शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढत आणि अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते हयातीत स्वीकारणारे ते पहिले. कुठल्या प्रिपरेटरी स्कूलने त्यांना घडवले? सात वर्षांच्या सॅपरच्या कामाने.

दुसरे उदाहरण अरुण श्रीधर वैद्य यांचे. ते दुसऱ्या वाटेचे नव्हते, कॉलेजातून आले होते. पण सैनिकी शाळेचेही नव्हते; महायुद्धाने घाईघाईत दरवाजे रुंद केले तेव्हा १९४५ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. १९६५ आणि १९७१ अशी दोन महावीर चक्रे मिळवून ते लष्करप्रमुखपदापर्यंत गेले. दरवाजा रुंद झाला की दर्जा घसरतो, हे म्हणणाऱ्याने आधी ही दोन नावे डोळ्यांसमोर आणावीत.

ही वाट आजही आहे. नौगाँगच्या परंपरेतून १९६० मध्ये आर्मी कॅडेट कॉलेज उभे राहिले. काही वर्षे ते आपल्या पुण्यातच होते, १९७७ मध्ये डेहराडूनला गेले. बारावी झालेला, किमान दोन वर्षे नोकरी केलेला, वीस ते सत्तावीस वयाचा जवान लेखी परीक्षा आणि सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची चाचणी देऊन तिथे जातो. तीन वर्षांत पदवी, मग एक वर्ष ॲकॅडमी, मग कमिशन. खर्च सरकारचा. मिल्यूतिनच्या युंकर शाळेची ही आपली आवृत्ती, तिच्यापेक्षा कितीतरी चांगली, कारण बाहेर पडणाऱ्याचा दर्जा इतरांच्या बरोबरीचा असतो. ही संस्था पुण्यातून गेली तेव्हा महाराष्ट्रात कुणी हळहळल्याचे स्मरणात नाही. एनडीए उद्या हलवतो म्हणा, विधानसभा बंद पडेल.

६. बुवापाड्यातून काय दिसते

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आमचा पट्टा लष्कराच्या खुणा अंगावर घेऊन वाढला आहे. महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिली गेली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले; पत्ता सांगताना माणसे अजून कॅम्प नंबरच सांगतात. अंबरनाथला स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ऑर्डनन्सचे कारखाने आले. इथल्या बुवापाड्यासारख्या वस्तीतल्या घरांना संरक्षण खाते परके नाही. कुणी ऑर्डनन्समध्ये अप्रेंटिस झालेला, कुणाचा गावाकडचा भाऊ पलटणीत.

इथल्या मुलाला सैन्य म्हणजे ‘भरती’. भरती म्हणजे सोळाशे मीटर, पुल-अप्स, छाती, मेडिकल, लेखी. सैन्य, पोलीस, रेल्वे, सुरक्षा दल यांची तयारी तो एकाच मैदानावर करतो आणि जिथे नाव लागेल तिथे जातो. पहाटे उठण्याची शिस्त त्याला शिकवायला सैनिकी शाळेची गरज नाही. कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्या बापाकडून ती त्याने घेतली आहे. त्याच्याकडे नसते ती माहिती. एनडीएचा अर्ज बारावीत असतानाच भरता येतो, वयाची खिडकी साडेसोळा ते साडेएकोणीस, पेपर इंग्रजी आणि हिंदीत, नऊशे गुण लेखीचे आणि तितकेच एसएसबीचे, हे त्याला कळते तेव्हा तो बहुधा विशीत असतो.

आणि एसएसबीच्या पाच दिवसांत तरी काय असते? गटचर्चा, चित्रावरून गोष्ट, मैदानातली कामे, मुलाखत. सुरुवातीलाच एक फॉर्म भरायचा असतो, त्यात आईवडिलांचे शिक्षण, धंदा, उत्पन्न. निवड करणारे या माहितीने वाकडे वागतात असा माझा आरोप नाही. उमेदवाराची पार्श्वभूमी समजून घ्यायला ती असते. पण अनोळखी नऊजणांत इंग्रजीत पहिले वाक्य बोलण्याचे धैर्य काही मुले घरून घेऊन येतात आणि काहींना ते एका आठवड्यात कमवायला लागते. हीच मुले दोन वर्षे पलटणीत काढून, देशभरच्या पोरांबरोबर राहून, हुकूम घेऊन आणि देऊन परत त्याच मंडळासमोर आली तर चित्र बदलते. दुसऱ्या वाटेचे खरे बळ हे आहे: ती मुलाला वेळ देते.

७. आक्षेप

पहिला आक्षेप: परीक्षा सर्वांना खुली आहे, मग रडगाणे कशाला? परीक्षा खुली आहे हे खरेच, आणि एनडीएत जात, धर्म, पैसा बघितला जात नाही ही या देशाने कमावलेली मोठी गोष्ट आहे. पण खुले असणे आणि आवाक्यात असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर शाळेने, माहितीने, भाषेने भरायचे असते. कवायतीने ते भरत नाही.

दुसरा: जवान आणि अधिकारी यांत अंतर लागतेच, कालचा सोबती आज साहेब झाला तर पलटणीची शिस्त बिघडेल. आर्मी कॅडेट कॉलेजचे अधिकारी साठ वर्षांहून अधिक काळ सैन्यात आहेत, युद्धांत लढले आहेत, आणि शिस्त बिघडलेली नाही. उलट अंतराचा अतिरेक काय करतो हे मुंबईने १९४६ च्या फेब्रुवारीत पाहिले. नौदलाच्या ‘तलवार’वरच्या खलाशांचे बंड निकृष्ट अन्नावरून आणि अधिकाऱ्याच्या शिवराळ वागण्यावरून पेटले, पण ते पसरण्यामागे शिकलेल्या खलाशाला वर जायला जागाच दिसत नव्हती, हेही एक कारण होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. सैनिकी शाळांतूनही गरिबांची मुले अधिकारी झाली आहेत, त्यांचे काय? झाली आहेत, आणि साताऱ्याच्या शाळेचे त्यातले श्रेय कुणी नाकारू नये. शाळा बंद करा असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, तिचे यश मोजायचे असेल तर संचलनाच्या देखणेपणावर नको, पहिल्यांदाच अधिकारी पाहणाऱ्या घरांच्या संख्येवर मोजा. हा एक निकष लावला तर कितीतरी खाजगी सैनिकी शाळांच्या माहितीपत्रकांवरचे घोडे आणि तलवारी गळून पडतील.

चौथा, अग्निपथचा. २०२२ पासून जवान चार वर्षांसाठी घेतला जातो आणि त्यातले फक्त पंचवीस टक्के पुढे ठेवले जातात. या योजनेच्या आर्थिक बाजूवर पुष्कळ बोलले गेले. माझा मुद्दा वेगळा आहे. देनिकिनच्या वडिलांना दोन दशके लागली, राण्यांना सात वर्षे. चार वर्षांत, त्यातही कायम होण्याच्या टांगणीवर, पुस्तक उघडून बसणारा जवान कसा तयार व्हावा? दुसऱ्या वाटेला लागणारा वेळच ही योजना कापते, आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी तिच्यावर बोलताना हा प्रश्न मांडायला हवा.

८. करण्यासारखे

राज्य सरकारने नव्या सैनिकी शाळेची घोषणा करण्याआधी औरंगाबादच्या संस्थेसारख्या आणखी दोन संस्था काढाव्यात, त्यातली एक कोकण विभागात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी माजी सैनिकांच्या पेन्शनबरोबर सेवेत असलेल्या मराठी जवानांसाठी आर्मी कॅडेट कॉलेजच्या परीक्षेचे मराठीतून मार्गदर्शन सुरू करावे. त्या जवानाला इंग्रजी आणि गणित सुट्टीतल्या साठ दिवसांत शिकवता येते. आमच्या पट्ट्यातल्या भरतीपूर्व वर्गांनी निवड झालेल्या मुलाचा फोटो फलकावर लावताना त्याच्या हातात पेढ्याबरोबर एक कागदही द्यावा: किमान दोन वर्षे नोकरी, बारावीची गुणपत्रिका जपून, वय सत्तावीसच्या आत, आर्मी कॅडेट कॉलेजचा अर्ज पलटणीच्या कार्यालयात मिळेल.